नदीकाठची शांतता कुणाची?

भारतातून कुणाचे आईवडील किंवा सासूसासरे इकडे राहायला आले की त्यांना एक गोष्ट काही केल्या पटत नाही. चांगलं घर आहे, मऊ गाद्या आहेत, नळाला चोवीस तास पाणी आहे, आणि ही मुलं शनिवार-रविवार गाठून तंबू घेऊन नदीकाठी दगडगोट्यांवर झोपायला कशाला जातात? वर त्या जागेचे पैसे भरतात! "आम्ही लहानपणी गावाला हेच करायचो, तेव्हा त्याला गरिबी म्हणायचे," हे एका काकांचं वाक्य आमच्या ओळखीच्या मंडळींत चांगलंच गाजलेलं आहे.

काकांना उत्तर द्यायचं म्हणून हा लेख लिहायला घेतला, आणि उत्तर शोधता शोधता भलत्याच ठिकाणी पोचलो. पण सुरुवातीपासून सांगतो.

अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात ओझार्क नावाचा डोंगराळ भाग आहे. आपल्या सह्याद्रीसारखे कडे नाहीत, पण दाट झाडी आणि चुनखडीच्या उभ्या भिंती आहेत. त्यातून बफेलो नावाची नदी वाहते. लांबी सुमारे २४० किलोमीटर. बॉस्टन माउंटन्समध्ये उगम पावते आणि पूर्वेला जाऊन व्हाइट रिव्हरला मिळते. तिच्यावर धरण नाही, एकही नाही. अमेरिकेच्या या भागात ही फार दुर्मिळ गोष्ट आहे.

हिच्या काठाला तंबू ठोकायच्या जागा आहेत : स्टील क्रीक, काइल्स लँडिंग, अर्बी, वूलम, रश... बफेलो पॉइंटसारखा एखादा अपवाद सोडला तर बाकी ठिकाणी सोयी म्हणाल तर जवळजवळ नाहीत. खड्ड्याचा संडास असतो, कुठे कुठे एखादा नळ, तोही थंडीत बंद. वीज नाही, अंघोळीची सोय नाही, मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नाही. काइल्स लँडिंगला उतरणारा रस्ता असा आहे की छोटी गाडी असेल तर दहा वेळा विचार करावा. शिवाय कॅनू घेऊन नदीतून निघालात तर वाटेत कुठल्याही गोट्यांच्या किनाऱ्यावर, ज्याला इथे ग्रॅव्हल बार म्हणतात, तिथे मुक्काम करता येतो. काचेची बाटली नदीवर न्यायची नाही, कचरा परत आणायचा, आणि पावसाचा रंग दिसला तर सामान उचलून उंचावर जायचं, कारण ही नदी रात्रीतून चढते. एवढे पाळले की झालं.

मुद्दा असा की ही शांतता आपोआप आलेली नाही. ती भांडून मिळवलेली आहे, आणि भांडणात जे जिंकले ते एकटेच त्यात नव्हते. काही जण हरले. त्या हरलेल्यांची घरं अजून तंबूंच्या आसपास उभी आहेत.

या काठांवर मुक्काम करणारे आपण काही पहिले नव्हे. कड्यांच्या पोटात जी खोल कपारं आहेत त्यांत हजारो वर्षं माणसं राहून गेली. लॉस्ट व्हॅलीतल्या एका कपारीत तर जुन्या काळच्या मक्याची इवलीशी कणसं सापडली, म्हणून तिचं नाव कॉब केव्ह. पुढे हा ओसेज लोकांचा शिकारीचा मुलूख होता. १८०८ च्या तहाने त्यांच्याकडून तो लिहून घेतला. मग पूर्वेकडून हुसकावलेल्या चेरोकींना १८१७ मध्ये व्हाइट आणि आर्कान्सा या नद्यांमधला प्रदेश दिला, आणि १८२८ मध्ये तोही काढून घेऊन त्यांना आणखी पश्चिमेला पाठवलं. त्यानंतर टेनेसी वगैरे भागांतून गोरे शेतकरी आले, लाकडी ओंडक्यांची घरं बांधली, खोऱ्यात मका पेरला. अर्बीजवळ १८४० च्या दशकातलं असं एक घर अजून उभं आहे. १८८० च्या दशकात रश इथे जस्ताच्या खाणी निघाल्या, पहिल्या महायुद्धात जस्ताला भाव आला तसं गाव फुगलं, आणि भाव पडला तसं रिकामं झालं.

नुसती मजा म्हणून नदीकाठी राहायला येणं मात्र त्यामानाने अलीकडचं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओझार्कमध्ये 'फ्लोट ट्रिप'ची पद्धत रुळली. शहरातले पैसेवाले लोक यायचे, स्थानिक नावाडी त्यांना सपाट तळाच्या लांब लाकडी होड्यांतून, म्हणजे जॉनबोटींतून, मासेमारीला न्यायचे. सामानाची एक होडी पुढे जायची. पाहुणे संध्याकाळी पोचेपर्यंत ग्रॅव्हल बारवर तंबू लागलेले असायचे आणि चुलीवर जेवण चढलेलं असायचं. थोडक्यात, पाहुण्यांचा 'निसर्गातला साधेपणा' नावाड्याच्या कष्टावर चालायचा. १९३० च्या दशकात हा चांगला धंदा झाला होता.

आणि मग आली धरणं.

१९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरानंतर अमेरिकेत पूरनियंत्रणाचं वारं होतं. १९३८ च्या पूरनियंत्रण कायद्याने व्हाइट रिव्हरच्या खोऱ्यात धरणांचा मार्ग मोकळा झाला. बांधणारं खातं लष्कराचं, कोअर ऑफ इंजिनिअर्स. १९४४ मध्ये नॉरफोर्क धरण झालं, १९५१ मध्ये बुल शोल्स. पुढच्याच वर्षी अध्यक्ष ट्रुमन स्वतः त्याच्या समारंभाला आले. बफेलोवर दोन धरणं आखलेली होती : मुखाजवळ लोन रॉक आणि मध्यावर गिल्बर्ट.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, नाहीतर सगळा इतिहास 'चांगले विरुद्ध वाईट' असा होऊन बसतो. धरण मागणारे खलनायक नव्हते. सर्सी आणि न्यूटन या काउंट्या गरीब. तरुण माणसं कामासाठी गाव सोडून जात होती. शेजारी बुल शोल्सच्या जलाशयाकाठी हॉटेलं आणि बोटींचे धक्के उभे राहिलेले, जमिनीचे भाव वाढलेले, ते यांना दिसत होतं. मार्शल गावच्या वर्तमानपत्राचे संपादक जेम्स ट्यूडर यांच्या पुढाकाराने 'बफेलो रिव्हर इम्प्रूव्हमेंट असोसिएशन' निघाली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आम्हाला वीज, पूरनियंत्रण आणि रोजगार पाहिजे. शहरातल्या लोकांनी चार दिवस होडीतून फिरावं म्हणून आम्ही गरीब राहायचं का? मला हा प्रश्न आजही खोटा वाटत नाही.

दुसऱ्या बाजूला होते डॉ. नील कॉम्प्टन. हे बेंटनव्हिलचे डॉक्टर. हो, तेच बेंटनव्हिल, वॉलमार्टचं गाव, जिथे आज आयटीच्या नोकऱ्यांमुळे मराठी घरंही बरीच आहेत आणि जिथून बफेलोचा वरचा भाग गाडीने साधारण दीड-दोन तासांवर आहे. मे १९६२ मध्ये फेएटव्हिल इथे कॉम्प्टन आणि त्यांच्या सोबत्यांनी 'ओझार्क सोसायटी' स्थापन केली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस स्वतः येऊन नदीतून प्रवास करून गेले आणि बफेलोचं नाव देशभर झालं.

सोसायटीचं हत्यार कोणतं होतं तर हेच : होडी आणि तंबू. सभा, पत्रकं, छायाचित्रं हे सगळं होतंच, पण त्यांनी माणसांना नदीवर नेलं. शहरातली कुटुंबं कॅनूतून आणली, त्यांना ग्रॅव्हल बारवर रात्र काढायला लावली. ज्याने एक रात्र त्या कड्याखाली काढली तो घरी जाऊन खासदाराला पत्र लिहितो, हा साधा हिशेब. धरण झालं तर काय काय पाण्याखाली जाईल ते नकाशावर दाखवण्यापेक्षा ही युक्ती जास्त चालली. स्थानिकांत त्याचा रागही तेवढाच होता. नदीत झाडं तोडून आडवी टाकणं, काटेरी तारा ओढणं असेही प्रकार झाले.

या दोघांशिवाय तिसराही गट होता, आणि इतिहासाच्या छोट्या पुस्तिकांत तो नेहमी एका ओळीत उरकला जातो. खुद्द नदीकाठचे शेतकरी. त्यांना धरण नको होतं, कारण शेत बुडणार. पण त्यांना राष्ट्रीय उद्यानही नको होतं, कारण त्यातही शेत जाणारच. पाण्याखाली नाही, तर सरकारच्या कागदाखाली. त्यांचं म्हणणं होतं, नदी इतकी वर्षं आम्हीच राखली, तशीच आमच्याकडे राहू द्या. त्यांनीही संघटना केली, सुनावण्यांना गेले, बोलले. त्यांचं कुणी फारसं ऐकलं नाही.

डिसेंबर १९६५ मध्ये पारडं फिरलं. राज्याचे गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी कोअरला पत्र लिहून धरणाला विरोध कळवला आणि कोअरने माघार घेतली. हे फॉबस म्हणजे तेच, ज्यांनी १९५७ मध्ये लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांना शिरू न देण्यासाठी नॅशनल गार्ड उभं केलं होतं. स्वतः ओझार्कच्या डोंगरातले, गरिबीत वाढलेले. माणसाचं एकच काम पाहून त्याचा हिशेब मिटवता येत नाही, हे असं कधी कधी फार अवघड करून समोर येतं. एका पत्राने १९५७ धुऊन निघत नाही, आणि १९५७ मुळे ते पत्र नाहीसं होत नाही. पुढच्याच वर्षी धरणाचे पाठीराखे खासदार जेम्स ट्रिंबल निवडणूक हरले आणि जॉन पॉल हॅमरश्मिट निवडून आले. नदी वाचवण्याचं विधेयक मार्गी लागलं.

१ मार्च १९७२ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी त्यावर सही केली. यलोस्टोनच्या कायद्याला त्या दिवशी बरोबर शंभर वर्षं पूर्ण होत होती. बफेलो ही अमेरिकेतली पहिली 'नॅशनल रिव्हर' झाली. सुमारे २१७ किलोमीटर नदी आणि तिच्या काठची अंदाजे ९५ हजार एकर जमीन यात आली.

बहुतेक लेख इथे संपतात. नदी वाचली, टाळ्या. पण त्या ९५ हजार एकरांत माणसं राहत होती.

सरकारने जमिनी विकत घेतल्या. विकायची नसेल तर सक्तीने घेण्याचा अधिकार होता. काहींना आयुष्यभर किंवा २५ वर्षं घरात राहण्याची मुभा मिळाली, त्या बदल्यात किंमत कमी. काही रागाने, काही थकून, पैसे घेऊन निघून गेले. काइल्स लँडिंग आणि स्टील क्रीक यांच्या मधल्या रानात, स्नीड्स क्रीकजवळ, एक लाकडी घर आहे. पायवाटेच्या माहितीपुस्तकांत ते 'ग्रॅनी हेंडरसनचं घर' म्हणून ओळखलं जातं. वीज नसलेल्या त्या घरात ही आजी नवऱ्याच्या मागे एकटी राहायची, गुरं आणि डुकरं पाळून. मार्च १९७७ च्या 'नॅशनल जिओग्राफिक'मध्ये तिची माहिती आली. त्यानंतर थोड्याच काळात तिला घर सोडावं लागलं, आणि त्यानंतर ती फार दिवस जगली नाही. १९७८ मध्ये तो सगळा भाग कायद्याने 'वाइल्डरनेस' ठरला. अमेरिकेच्या १९६४ च्या कायद्यात वाइल्डरनेसची व्याख्या अशी आहे की जिथे माणूस हा फक्त पाहुणा असतो, राहात नाही. म्हणजे आधी राहणारं माणूस उठवायचं आणि मग त्या जागेला निर्मनुष्य म्हणायचं.

आजही त्या भागात फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर रानाच्या मधोमध डॅफोडिल्सच्या पिवळ्या ओळी दिसतात. रानात डॅफोडिल ओळीने उगवत नाही. ओळ दिसली की समजायचं, इथे अंगण होतं. आपल्याकडे धरणाचं पाणी उतरलं की देवळाचा कळस किंवा पडक्या जोत्यावरचं तुळशीवृंदावन दिसतं ना, तसंच.

इथे मला आपल्याकडची दोन पाणी आठवल्याशिवाय राहत नाहीत. एक मुळशी. एप्रिल १९२१ मध्ये मावळच्या शेतकऱ्यांनी टाटांच्या वीजधरणाविरुद्ध सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यासाठी तुरुंगात गेले, आणि शेवटी धरण झालंच. दुसरं पवना. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, म्हणजे बफेलो वाचली त्याच सुमाराला, पवनेवर धरण पूर्ण झालं. तिथल्या धरणग्रस्तांनी पुनर्वसनाच्या जमिनीसाठी दशकानुदशकं आंदोलनं केली. आणि गेल्या काही वर्षांत त्याच जलाशयाच्या काठावर काय आलंय? तंबू! पुण्या-मुंबईहून शनिवारी माणसं येतात, रंगीत तंबूत झोपतात, शेकोटी, गाणी, बार्बेक्यू. बरेचदा तंबू लावणारा, जेवण बनवणारा पोरगा त्याच खोऱ्यातल्या गावचा असतो.

एकीकडे धरण झालं, लोक उठले. दुसरीकडे धरण टळलं, तरीही लोक उठले. आणि दोन्हीकडे शेवटी तंबू घेऊन शहरातली माणसं आली. म्हणून मग काय, दोन्ही सारखंच? नाही, तसं मी म्हणणार नाही. धरणाखाली गेलेलं परत येत नाही. बफेलोच्या काठावर चूक थोडीफार दुरुस्त करायला वाव राहिला. बॉक्सली व्हॅली हे त्याचं उदाहरण. जमिनी घेतल्यावर तिथली कुरणं रानाखाली जायला लागली, रिकामी घरं पडायला लागली, तेव्हा १९८० च्या दशकात उद्यानाच्या लोकांच्या लक्षात आलं की आपण जे जपायला आलो त्यातला अर्धा भाग म्हणजे ही शेतीच होती. मग काही जमिनी आणि घरं, बांधकामाची बंधनं घालून, शेतकऱ्यांना परत विकली. आज तिथे गवत कापलं जातं, गुरं चरतात, आणि सकाळी १९८१ पासून परत आणून सोडलेल्या एल्क हरणांच्या वंशाचे कळप त्याच कुरणांत उभे असतात. लोक रस्त्यावर गाड्या थांबवून फोटो काढतात. त्या फोटोतलं कुरण मोकळं दिसतं ते कुणीतरी शेतकरी राखतो म्हणून.

भांडण संपलेलं नाही, हेही सांगायला हवं. २०१२ मध्ये बफेलोला मिळणाऱ्या बिग क्रीकजवळ सुमारे साडेसहा हजार डुकरांच्या फार्मला राज्याने परवानगी दिली. इथला खडक चुनखडीचा, आतून पोखरलेला. वर टाकलेलं पाणी जमिनीखालून कुठे निघेल याचा नेम नाही. पुन्हा लढा, पुन्हा सभा, आणि २०१९ मध्ये ६२ लाख डॉलर देऊन तो फार्म बंद करायचं ठरलं. फार्म चालवणारी कुटुंबंही बाहेरची नव्हती, तिथलीच. २०२३ मध्ये या नदीला 'नॅशनल पार्क अँड प्रिझर्व्ह' करावं अशी कल्पना पुढे आली तेव्हा जॅस्पर गावात विरोधासाठी तुफान गर्दी जमली. बाहेरच्या माणसाला वाटेल, नाव बदलण्यावरून एवढं काय? पण ज्यांच्या आजोबांनी १९७० च्या दशकात कागदावर सह्या केल्या त्यांना सरकारी नकाशावरची नवीन रेघ दिसली की काय वाटत असेल, ते समजायला फार लांब जायला नको. आपल्याकडे कुठल्याही प्रकल्पग्रस्ताला विचारा.

मग जायचं की नाही? जायचं, जरूर जायचं. दरवर्षी दहा लाखांहून जास्त लोक बफेलोवर येतात, आणि जॅस्पर, पोंका, गिल्बर्टसारख्या गावांतली बरीच पोटं त्यावर चालतात. माणसं त्या काठावर एक रात्र राहिली म्हणूनच १९६५ मध्ये नदी वाचली, हेही विसरायला नको. पण तिथे मिळणाऱ्या शांततेला 'अस्पर्श निसर्ग' म्हणणं मी सोडून दिलं आहे. ती शेत पडीक पडल्यावरची शांतता आहे. तिच्यात ओसेज आहेत, चेरोकी आहेत, रशचे खाणकामगार आहेत, ती आजी आहे.

उद्यानाच्या हद्दीत जुन्या दफनभूमी आहेत. डेकोरेशन डेच्या सुमाराला जुनी कुटुंबं अजून तिथे येतात, थडगी साफ करतात, फुलं ठेवतात, सोबत आणलेलं जेवण एकत्र बसून जेवतात. तंबू लावलेले लोक आणि थडग्यावर फुलं ठेवायला आलेले लोक त्या दिवशी एकाच रस्त्याने, एकाच धुळीतून जातात. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन त्यांना आधी जाऊ द्यावं, एवढं तरी आपल्या हातात असतं.

आणि काकांना उत्तर? त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. फरक एवढाच की आपण सोमवारी सकाळी तंबू गुंडाळून घरी येऊ शकतो. ज्यांचं घरच तिथे होतं त्यांना ती सोय नव्हती.

असो. लेख फार लांबला. पुढच्या वेळी जमलं तर रशच्या खाणींबद्दल लिहीन, तो आणखी वेगळाच किस्सा आहे.